पाण्याचं सोल्युशन

विद्यापीठात त्यांना पूलबाई म्हणत. हे नाव साहेबांनी दिलेलं. विद्यापीठात लागलेले शोध कारखान्यांच्या रोजच्या वापरात आणायचे, एवढ्यासाठी तिथे एक छोटं कार्यालय होतं. साहेब त्याचे संचालक, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या या एकट्या बाई. पाहुणे आले की साहेब दोन्ही हात पसरून म्हणायचे, "आणि ह्या आमच्या पूल! अलीकडे विद्या, पलीकडे उद्योग, मध्ये ह्या." पाहुणे हसत. बाई शेजारच्याच्या कानात पुटपुटत, "अगदी बरोबर. सगळे तुडवून जातात आणि डागडुजीला कोणी फिरकत नाही."

जीभ ही अशी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण ज्यांनी त्यांना काम करताना पाहिलं होतं, ते त्या रागाला नावं ठेवत नसत. तरुणपणी रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या एका रंगाच्या कारखान्यात लागल्या होत्या. तो बंद पडला तेव्हा फाटकाशी सगळ्यांबरोबर उभं राहून त्यांनी आपला डबा आणि पांढरा कोट परत घेतला आणि विद्यापीठाची वाट धरली. त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्यांना येई. टेबलाच्या खणात बुटांचे दोन जोड असत, एक विद्यापीठात वावरायचा मऊ, दुसरा कारखान्यात जायचा जाड तळाचा. नमुन्यांच्या बाटल्या पिशवीत घालून त्या बसनेच जात. एकदा गंज न चढू देणाऱ्या लेपाची बाटली बसमध्ये सांडली आणि पुढच्या गृहस्थांची छत्री मुठीपासून टोकापर्यंत माखली. गृहस्थ संतापले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता तुम्ही म्हातारे व्हाल, पण छत्री व्हायची नाही."

साहेबांच्या लेखी करारावर सही झाली की शोध कारखान्यात गेला. बाईंच्या लेखी तो तेव्हा जेमतेम घरातून निघालेला असे. काही महिन्यांनी त्या न कळवता जाऊन बघत. पुष्कळदा नवं यंत्र काचेच्या कपाटात असे, वर माहितीची पाटी, आणि काम मात्र जुन्याच पद्धतीने चाललेलं. मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "वापरात आलं कधी म्हणायचं?" त्या साहेबांना सांगत. "कोणीतरी रोज त्याला शिव्या घालत वापरतंय, आणि एक दिवस ते नसलं तर दुप्पट शिव्या घालतंय, तेव्हा. तोवर नाही." साहेब म्हणत, "तुमच्या व्याख्येने वर्षअखेरच्या अहवालात काहीच लिहिता येणार नाही." बाई म्हणत, "मग कोरा पाठवा."

अशा बाईंच्या हातून बुटांच्या कारखान्याचं प्रकरण झालं, आणि ते थेट घरात शिरलं.

त्या कारखान्यात त्यांची धाकटी बहीण कामाला होती. पेस्टिंग नावाचा लांबलचक हॉल होता. तिथे बायका उभ्याने बुटाच्या वरच्या चामड्याला आणि सोलला ब्रशने चिकटवायचं सोल्युशन लावत, वाळू देत, मग दाबयंत्राखाली दोन्ही चिकटवत. हे सोल्युशन थिनरमध्ये कालवलेलं असे. हॉलच्या दारातच डोकं गरगरे. बायका म्हणत, पहिले काही महिने नाकाला त्रास होतो, पुढे नाकच उरत नाही. धाकटी हसतमुख, बडबडी, हॉलमध्ये सगळ्यांची लाडकी. वाढत वाढत ती लाइनप्रमुख झाली होती. पण हल्ली तिला कामावरच्या झग्याची बटणं डोळ्यांनी बघून लावावी लागत. बोटांना बटण कळतच नसे. एकदा बहिणीकडे आली असताना तिने वाफाळता चहाचा पेला मुठीत घट्ट धरलेला बघून बाई ओरडल्या, "अगं, भाजेल!"

"भाजतं का?" धाकटीने पेल्याकडे बघितलं. "बरं झालं सांगितलंस."

ती हसली. बाई हसल्या नाहीत.

म्हणून, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी थिनर न घालता, नुसत्या पाण्यात कालवलेलं सोल्युशन तयार केलंय हे कानावर आल्यावर बाई हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या. प्राध्यापक सज्जन माणूस होता, कामात बुडालेला, इतका की कोटाची गुंडी चुकीच्या काजात असायची. बाईंनी बुटांच्या कारखान्याच्या मॅनेजरला गळ घातली, साहेबांना पटवलं, कारखान्यात चाचणी ठरवली. प्रयोगशाळेतले सहायक, ज्यांना सगळे काका म्हणत, ते झाकलेल्या ट्रेमध्ये सोल आणि चामड्याचे तुकडे घेऊन आले. सगळ्यांसमोर चिकटवले. वाळल्यावर गोदामातल्या दोन दांडग्या हमालांनी दोन बाजूंनी ओढलं. चामडं फाटलं, पण सोल सुटला नाही. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. करार झाला, फोटो निघाले, साहेबांनी दोन्ही हात पसरले.

पेस्टिंगमधल्या बायका मात्र खूश नव्हत्या. नवं सोल्युशन वाळायला वेळ घेई, आणि त्यांची मजुरी तर जोडांच्या हिशोबाने. "वास नाही, तर चिकटेल कशाने, पोरी?" एक जुनी बाई म्हणाली. धाकटीने एकेकीची समजूत काढली. कुणाला चिमटा, कुणाला विनवणी. "माझ्या ताईने बघितलंय. तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा." ठेवला त्यांनी.

आणि बूट परत यायला लागले.

पुढून जबडा उघडल्यासारखे सोल सुटलेले, पेट्याच्या पेट्या. दुकानदार फोनवर मॅनेजरला फाडून खात. मॅनेजरने प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "आमच्याकडे शंभर वेळा झालंय. प्रयोगशाळेत एकही सुटलेला नाही. पूर्ण वाळू देत नसतील." मॅनेजरला तेवढंच हवं होतं. कारखान्यात चौकशी बसली आणि निष्कर्ष निघाला: पेस्टिंगमधल्या बायकांनी जोड वाढवायच्या हावेपोटी सोल्युशन वाळू दिलं नाही, आणि लाइनप्रमुखाने डोळेझाक केली. धाकटीला घरी बसवलं. विद्यापीठ आणि कारखाना यांची संयुक्त बैठक होईल, तिथे चौकशी मान्य झाली की कामावरून काढायचं.

बाई ऐकताक्षणी बहिणीकडे गेल्या. धाकटी ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. साल जाड निघत होतं, बोटांना सुरी नीट लागत नव्हती.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "मी आहे. पण मला खरं सांग. वाळू देत होतात ना?"

धाकटीने सुरी खाली ठेवली.

"तूसुद्धा?"

"अगं, मी नुसतं विचारतेय..."

"नुसतं विचारतेस! मॅनेजरनेही नुसतंच विचारलं होतं. ताई, त्या बायका मला रस्त्यात ओळख देत नाहीत. तुझ्या शब्दावर मी त्यांना त्या डब्यांपाशी उभं केलं. घड्याळाखाली उभी राहून वाळवून घेतलं मी. कुणी घाई केली तर हातावर फटका मारला. जोड कमी झाले तरी ऐकलं त्यांनी माझं. आणि आता माझीच सख्खी बहीण येऊन विचारते, वाळू देत होतात ना!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! तुझीच बहीण आहे, मला दुसरं काय येतं? चहा घेणार असलीस तर स्वतः कर. माझ्या हातून कप फुटतात."

बाईंनी चहा केला नाही. निमूटपणे बटाटे सोलून दिले आणि घरी आल्या. त्यांचे यजमान दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत. खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर दातांच्या रांगा हसत बसलेल्या असत. बायकोचा चेहरा बघून त्यांनी हातातली कवळी बाजूला ठेवली.

"कोणाचे दात पाडून आलीस?"

"माझेच पडले."

सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मग तुझा विश्वास कोणावर? बहिणीवर का प्रोफेसरावर?"

बाई दिवा मालवून आडव्या झाल्या. पण त्या प्रश्नाने त्यांना झोपू दिलं नाही. प्राध्यापक खोटं बोलत नव्हते, हे त्यांना माहीत होतं. बहिणीने खोटं बोलणं शक्यच नव्हतं. दोघंही खरं बोलत असतील, तर तिसरंच काहीतरी होतं, आणि ते त्यांनी बघितलेलं नव्हतं. याचाच त्यांना संताप आला. आयुष्यभर दुसऱ्यांना दरडावलं की डोळ्यांनी बघा, आणि स्वतः काय बघितलं? झाकून आणलेला ट्रे.

सकाळी त्या थेट प्रयोगशाळेत गेल्या. काका एकटेच होते, खिडकीपाशी ब्रश धूत.

"काका, एक जोड चिकटवून दाखवा. नेहमी करता तसा, पहिल्यापासून. मी स्टुलावर बसते, तोंडातून शब्द काढणार नाही."

"ते तुम्हाला जमेल का?" काका म्हणाले.

त्यांनी कारखान्यातून आलेल्या पेटीतला सोल काढला. दुसऱ्या हाताने, न बघता, फळीवरची पिचकारीची बाटली उचलली, कापसावर दोन थेंब टाकले आणि सोल पुसला. चामडं पुसलं. कापूस टोपलीत टाकला. मग सोल्युशनची बरणी उघडून म्हणाले, "हं, आता सुरुवात करतो."

बाई स्टुलावरून उतरल्या.

"आता काय केलंत?"

"कुठे काय? अजून काहीच नाही केलं."

"पुसलंत."

"ते होय. पुसणार नाही तर काय? घाणीवर कोणी चिकटवतं का?"

"त्या बाटलीत काय आहे?"

काकांनी बाटली पुढे केली. बाईंनी नुसता वास घेतला. रंगाच्या कारखान्यातली त्यांची सगळी वर्षं त्या वासात होती. थिनरच तो, फक्त शुद्ध केलेला आणि स्वच्छ बाटलीत भरलेला.

"कारखान्यात चाचणीला आणलेले सोल?"

"पुसूनच आणले होते. उगाच तिथे पसारा नको म्हणून."

"आणि कारखान्याला जी पद्धत लिहून दिली, तिच्यात पुसा असं का नाही लिहिलं?"

काका आता खरोखर गोंधळले. "लिहायचं काय त्यात? हात धुवा आणि मग जेवायला बसा, असं स्वयंपाकाच्या पुस्तकात लिहितात का? चाळीस वर्षं झाली, मी आलो तेव्हापासून इथे सगळं पुसूनच घेतात. सरांना त्यांच्या सरांनी शिकवलं, मलाही त्यांनीच."

"एक न पुसता चिकटवा."

"न पुसता?" जणू बाईंनी त्यांना अनवाणी कामावर यायला सांगितलं होतं. पण चिकटवला. वाळेपर्यंत दोघं बसून राहिले. काका मधूनच टोपलीतल्या कापसाकडे बघत होते. मग बाईंनी सोल हातात घेतला आणि अंगठा आत सरकवला. केळ्याचं साल निघावं तसा तो निघाला.

सगळं उलगडलं. सोल साच्यातून सुटावा म्हणून साच्यात तेलकट काहीतरी फवारतात, त्याचा पातळ थर सोलवर राहतो. जुन्या सोल्युशनमधलं थिनर तो थर विरघळवून आत शिरायचं. नवं पाण्याचं, ते तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखं वरच राहायचं. प्रयोगशाळेत हे कधी कळलंच नाही, कारण तिथे पुसणं म्हणजे काम नव्हतंच, ती सवय होती. थिनर नको म्हणून काढलेलं सोल्युशन रोज थिनरच्याच आधाराने उभं होतं, आणि त्याला आधार देणाऱ्यांना पत्ता नव्हता.

प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते पांढरेफटक पडले. खुर्चीत बसले, उठले, परत बसले. मग साहेबांकडे गेले. बाई मागोमाग.

साहेबांनी दार लावून घेतलं. "बैठकीत यातलं काही निघता कामा नये. पिशव्यांच्या कंपनीशी याच सोल्युशनचा करार तोंडावर आलाय. आपण कारखान्याला सुधारित पद्धत पाठवू. पृष्ठभागाची पूर्वतयारी, असं एक वाक्य घालू. प्रश्न मिटला."

"पूर्वतयारी म्हणजे त्या बायकांनी दिवसभर थिनरने सोल पुसायचे," बाई म्हणाल्या. "तुम्ही विष डब्यातून काढून फडक्यात घातलंत. पूर्वी ब्रश होता हातात, आता बोटंच बुडवायची!"

"तपशील नंतर बघता येईल."

"आणि माझी बहीण?"

"ती कारखान्याची अंतर्गत बाब आहे."

"अंतर्गत! चूक आपल्या बाटलीत, आणि खापर तिच्या डोक्यावर, आणि ती अंतर्गत?"

"हे पहा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नात्यामुळे बोलताय. तुमचं काम दोघांना जोडायचं आहे, भांडण लावायचं नाही. बैठकीत तुम्ही बोलायची गरज नाही. सर बोलतील, मी बोलेन."

प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी काही बाईंकडे बघितलं नाही. बाहेर पडताना बाईंनी दार इतक्या जोरात ओढलं की भिंतीवरची साहेबांची उद्घाटनाची तसबीर तिरकी झाली. ती सरळ करायला त्या थांबल्या नाहीत.

बैठक कारखान्यात होती, वरच्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खाली यंत्रांची घरघर. एका बाजूला मॅनेजर आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला साहेब, प्राध्यापक आणि बाई. दाराजवळच्या खुर्चीत धाकटी, धुतलेला झगा घालून. एक बटण वरखाली लागलं होतं. ते बघून बाईंचा राग उसळला.

मॅनेजरने चौकशीचा निष्कर्ष वाचला. हावेपोटी, घाई, निष्काळजीपणा. साहेबांनी मान डोलवली. "विद्यापीठाच्या दृष्टीने तंत्रज्ञान निर्दोष आहे. वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण वाढवावं, आणि आम्ही एक सुधारित..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"बाई, आपलं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. मॅनेजरसाहेब, गोदामातून एक पेटी सोल मागवा. साच्यातून आले तसे, कोणी हात न लावलेले. आणि आमचे सर तुमच्यासमोर स्वतःच्या हाताने चिकटवतील. लागेल तेवढा वेळ वाळू द्या. आपण सगळे इथेच बसू. सर, न पुसता हं."

 मॅनेजरला काही कळेना. "न पुसता म्हणजे?"

"ते सर सांगतील. साध्या भाषेत सांगतील. आणि नाही सांगितलं तर मी सांगेन, माझी भाषा याहून साधी आहे."

साहेबांनी टेबलाखालून प्राध्यापकांच्या गुडघ्याला हात लावला, हे बाईंनी बघितलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला. काच पुसायला रुमाल काढला, आणि तो हातात तसाच धरून राहिले.

"सोल मागवू नका," ते म्हणाले. "सुटणार. कितीही वाळवला तरी सुटणार. आम्ही नेहमी आधी पुसतो, थिनरने. ते आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही, आमच्या ध्यानातच आलं नाही." मग ते खुर्चीतून वळले, दाराकडे. "बाई, तुमची काही चूक नाही. वाळवण्याबद्दल मी बोललो ते न बघता बोललो."

 ती त्यांच्याकडे एकटक बघत होती.

बाईंना वाटलं, झालं. पण मॅनेजरचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे दोष पूर्णपणे विद्यापीठाचा," मॅनेजर टेबलावर बोटं वाजवत म्हणाला. "उत्तम. चौकशी मागे घेतो. करारही मागे घेतो. लाइनप्रमुख, तुम्ही सोमवारपासून कामावर या. जुन्या सोल्युशनचे डबे गोदामात आहेतच. विषय संपला."

एवढं सोपं. जे घालवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते एका वाक्यात परत गोदामातून बाहेर येत होतं. बाई उठून उभ्या राहिल्या. चूक कुठे होती ते दाखवून दिलं, आणि बायकांच्या हातात परत तोच ब्रश. त्यांनी साहेबांकडे बघितलं, तर साहेब पिशव्यांच्या कंपनीचा विचार करत होते. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं, तर तो घड्याळाकडे बघत होता.

"माझ्यावरचा आरोप गेला ना?" दाराकडून आवाज आला.

"गेला, गेला. म्हटलं ना."

"सगळ्यांसमोर पेस्टिंगमध्ये येऊन सांगाल?"

"फलकावर लावू."

"फलक नको. तोंडाने. 'हावेपोटी' हा शब्द तुम्ही तोंडाने वाचलात, तो तोंडानेच परत घ्या." धाकटी उभी राहिली. "आणि आरोप गेला म्हणजे मी अजून लाइनप्रमुख आहे. तर ऐका. माझी लाइन जुना डबा उघडणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही उघडणार. हे बघा." तिने टेबलावरची बाटली उचलली. ती बोटांतून निसटली आणि पाणी मॅनेजरच्या कागदांवर पसरलं. हे तिने मुद्दाम केलं की नाही, ते बाईंना पुढेही कधी समजलं नाही. "हे तुमच्या जुन्या डब्याचं काम. त्या सगळ्यांची हीच गत आहे, कोणाची कमी, कोणाची जास्त. वास न येणारं सोल्युशन आम्ही महिनाभर वापरलं. त्या महिन्यात एकीचंही डोकं दुखलं नाही. आता परत त्या डब्यापाशी जायचं? ह्या सरांना चिकटवता येत नाही म्हणून?"

"मला येतं," प्राध्यापक म्हणाले. आणि मग, "यायला हवं. पुसल्याशिवाय. थिनरशिवाय. साच्यात फवारतात तेच बदलता येईल, किंवा गरम साबणाच्या पाण्याने... मला बघावं लागेल."

"कुठे बघणार?" बाई कडाडल्या. "परत तुमच्या खिडकीपाशी? काकांच्या कापसाशेजारी?"

प्राध्यापकांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "इथे. खाली."

"सर, तुमचे वर्ग आहेत," साहेब म्हणाले.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पिशव्यांच्या कंपनीला मी काय सांगू? त्यांचे लोक दुपारी फोन करणार आहेत, आणि फोन माझ्या टेबलावर आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमचं टेबल उद्यापासून कुठे असेल ते मी बघतो."

"बघा. कुठेही ठेवा. मला बोलता येतं तोवर टेबलाची गरज नाही."

मॅनेजर ओले कागद झटकत होता. पेस्टिंगची लाइन बंद राहिली तर दुकानदारांचे फोन कोणाला येतील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने नाक मुरडत पंधरवड्याची मुदत दिली. तोपर्यंत शिवलेल्या बुटांचं काम पेस्टिंगमधल्या बायकांना द्यायचं. पंधरवड्यात जमलं नाही तर जुने डबे, आणि मग तक्रार ऐकून घेणार नाही. जमेल याची खात्री कोणीच दिली नाही, प्राध्यापकांनीही नाही. बाईंना ते त्यातल्या त्यात बरं वाटलं.

जिन्यावरून सगळे खाली उतरले. पेस्टिंगमध्ये बायका हात थांबवून उभ्या होत्या. मॅनेजर आला, एक पाय दारात ठेवून म्हणाला, "चौकशीत जे वाचलं गेलं ते मागे घेतलंय."

"काय वाचलं गेलं होतं?" जुनी बाई निरागस चेहऱ्याने म्हणाली.

"तेच ते."

"तेच ते म्हणजे? आम्ही त्या खोलीत नव्हतो."

मॅनेजरने गळा साफ केला. "हावेपोटी घाई केली असं. तसं झालं नव्हतं."

"हं," जुनी बाई म्हणाली. "आता ऐकू आलं." आणि तिने सरकून धाकटीला तिच्या जागेवर उभं राहायला वाट दिली. 

बाई बहिणीजवळ गेल्या. वरखाली लागलेलं बटण नीट करायला त्यांनी हात पुढे केला. धाकटीने तो बाजूला सारला.

"राहू दे. अजून राग आहे माझा."

"कशाचा? मी बोलले ना आत!"

"आत बोललीस. ओट्याशी काय विचारलंस ते विसरले नाही मी." मग जरा थांबून, "घरी जा तू. आता तुझं तोंड बघवत नाही. परवा ये."

"परवा?"

"परवा. आणि तुझं टेबल साहेबांनी कुठे टाकलं ते सांगायला ये, नाहीतर मला रात्रंदिवस हसायला काय उरेल?"

बाई दाराकडे निघाल्या. मागे प्राध्यापक हॉलच्या मधोमध उभे होते, हातात घडी घातलेला कोट, काय करावं ते न कळून इकडेतिकडे बघत.

"मी कुठे बसू?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"बसायचं नाही," ती म्हणाली. "हे काम उभ्यानेच होतं. बाह्या वर करा."